हाउएव्हरपासून पुढे

बाटल्यांच्या कारखान्यात त्याचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकाला माहीत होतं. बाकी सगळ्यांचा तो हाउएव्हर. "हाउएव्हर आला का?" "हाउएव्हर जेवतोय, मागून या." फाटकावरच्या पहारेकऱ्याला इंग्रजीचा गंध नव्हता, म्हणून तो त्याला "हवेवरसाहेब" म्हणायचा, तेही सलाम ठोकून, अगदी मनापासून.

टेलिफोनवर बसणारी बाई त्याची नक्कल करायची. नाक दोन बोटांत धरायची, मान तिरकी करायची आणि कपाकडे बघत सुरू व्हायची, "आपला चहा मिळाला, आनंद झाला, हाउएव्हर, त्यात साखर आढळून येत नाही, देअरफोर, तो स्वीकारता येत नाही, नेव्हरदलेस, आणलाच आहे तर ठेवा." सगळं ऑफिस टेबलं बडवायचं. तोही हसायचा, पण हसून झालं की म्हणायचा, "नेव्हरदलेस तिथे बसत नाही. बाकी बरोबर."

एकोणिसाव्या वर्षी तो या कारखान्यात पॅकिंगला लागला. तेव्हा बाटल्या गुंडाळायला ऑफिसातले रद्दी कागद यायचे. बाकीचे गुंडाळायचे, हा आधी वाचायचा. वाचता वाचता त्याच्या लक्षात आलं, की वजनदार पत्रांत परिच्छेदाच्या तोंडाशी ठरावीक आठ-दहा शब्द उभे असतात, कोट घातल्यासारखे. हाउएव्हर. मोअरओव्हर. कॉन्सिक्वेंटली. त्याने ते एका पुठ्ठ्यावर उतरवून घेतले. कुठल्याच्या आधी अर्धविराम, कुठल्याच्या मागे स्वल्पविराम, हे घोटून घोटून पाठ केलं. पाच वर्षांनी तो जिना चढून वर ऑफिसात गेला, पत्रव्यवहाराच्या टेबलावर. "खाली माणूस ‘बट’ म्हणतो, वर ‘हाउएव्हर’ म्हणतो," तो नव्या कारकुनांना ऐकवायचा. "मधे एकवीस पायऱ्या आहेत. मी मोजून चढलोय."

वर चढून त्याला काम मिळालं ते नाही म्हणायचं. कुणाला रजा नाही, कुणाला बढती नाही, कुणाच्या मुलाला नोकरी नाही. साहेब नुसतं बोट आडवं हलवायचे आणि हा त्याचं पानभर पत्र करायचा. पहिल्या परिच्छेदात कौतुक, आपली निष्ठा, आपली सचोटी, आपल्या आजारी आईबद्दल कंपनीला वाटणारी काळजी. मग नवी ओळ, हाउएव्हर, स्वल्पविराम. बावीस वर्षांत एकही स्वल्पविराम चुकला नव्हता, आणि एकाही माणसाचं काम झालं नव्हतं.

भट्टीवरच्या लोकांना इंग्रजी येत नव्हतं, पण ते पत्र वाचायला शिकले होते. पाकीट फोडायचं, पानाच्या मधोमध बोट फिरवायचं. तिथे शिडीसारखं ते एच अक्षर उभं दिसलं, की कागद घडी करून खिशात घालायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. कुणाला विचारायला जायची गरज नाही.

मॅनेजरसाहेबांनीही तेवढंच उचललं होतं. कुठलाही कागद पुढे आला, की त्यावर पंजा ठेवून ते घशातून खाकरायचे. सुरू न होणाऱ्या स्कूटरसारखा आवाज यायचा. मग म्हणायचे, "वरचं गोडगोड असू दे. हाउएव्हर कुठेय? हं. हाउएव्हरपासून पुढे." याला त्याचा अभिमान वाटायचा. साहेबांना वाचायला मीच शिकवलं, असं तो घरी सांगायचा. बायको म्हणायची, "अहो, अर्धंच शिकवलंत."

त्याचा धाकटा भाऊ मात्र खालीच राहिला होता. एकोणीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी. वितळलेल्या काचेकडे बघून बघून त्याच्या डोळ्यांत जाळं धरलं होतं. जिन्यावर थोरला समोरून आला तरी तो बुटांच्या आवाजावरून ओळखायचा. "दादा का?" "दुसरं कोण पायऱ्या मोजत चालतं?" असं त्यांचं चालायचं. तेवढंच. ऑफिसात दोघं भाऊ आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, पण थोरला ते आपणहून सांगत नसे.

त्या वर्षी कंपनीने डोळ्यांची तपासणी लावली. भट्टीवरचे सव्वीस जण तपासले, त्यात धाकटा नापास झाला. नियम असा, की नापास माणसाने शनिवारपर्यंत हलक्या कामासाठी अर्ज करायचा. मॅनेजरने सही केली तर पॅकिंग, नाही केली तर घर.

गुरुवारी संध्याकाळी धाकटा आणि त्याची बायको थोरल्याकडे आले. खोलीत चार खुर्च्या होत्या, तरी धाकटा भिंतीला टेकून उभा राहिला.

"दादा, अर्ज तूच लिही."

"मीच लिहिणार. दुसऱ्या कुणाचं काम आहे हे?"

"साधं लिही. एवढंच, की डोळे गेले, पॅकिंगला घ्या. आणि लिही, की बाटलीच्या तोंडावरून अंगठा फिरवला की मला टवका कळतो. डोळस माणसालाही सुटतो तो मला कळतो. पॅकिंगच्या मुकादमाने स्वतः बघितलंय."

"अंगठा?" थोरल्याने चष्मा वर केला. "अंगठा इंग्रजीत बरा दिसत नाही."

धाकट्याची बायको दाराशी होती. ती सावकाश म्हणाली, "भाऊजी, मी म्हणते, त्या टेलिफोनवाल्या बाईंकडून घेऊ का लिहून? दोन ओळींत होईल."

थोरल्याच्या नाकाला मिरची झोंबली. "तिच्याकडून? ती बाई देअरफोरच्या आधी पूर्णविरामही देत नाही. वाक्याला वाक्य चिकटवते. असला अर्ज साहेबांपुढे गेला तर आमच्या घराण्याची अब्रू जाईल."

"अब्रू नको हो," ती म्हणाली. "पॅकिंग हवं."

"झालं समजा," तो म्हणाला.

शुक्रवारी त्याने कचेरीतून लवकर येऊन दार लावून घेतलं आणि पाच वेळा अर्ज लिहिला. असला अर्ज त्या कारखान्यात कुणी लिहिला नव्हता, हे त्याच्या शत्रूनेही कबूल केलं असतं. पहिला परिच्छेद भरजरी होता, अर्जदाराची एकोणीस वर्षं, एकही लाल शेरा नाही, एकही नागा नाही, भट्टीच्या स्फोटात दोघांना ओढून बाहेर काढल्याची नोंद. मग नवी ओळ. हाउएव्हर, अर्जदाराची दृष्टी आता अत्यंत क्षीण झाली आहे. मोअरओव्हर, ती सुधारण्याची शक्यता वैद्यकीय मते नाही. कॉन्सिक्वेंटली, त्यास भट्टीवर ठेवणे सर्वांच्या सुरक्षिततेस धोकादायक आहे. तिथे पान संपलं. पानाच्या मागच्या बाजूला नेव्हरदलेस, आणि त्याच्या मागून अंगठा, पण अंगठा म्हणून नव्हे. ‘स्पर्शाद्वारे दोषनिश्चितीचे असाधारण सामर्थ्य’ अशा अर्थाचं काहीतरी तोंडभर इंग्रजी. सगळ्यात शेवटी देअरफोर, आणि विनंती.

बायकोने विचारलं, "मागायचंय ते इतकं मागे का ठेवलंत?"

"रचना असते. आधी बाजू मांडायची, मग उलट बाजू, मग निष्कर्ष. एकदम हात पसरला तर भिकारी दिसतो माणूस."

"भाऊ आहे तुमचा. भिकारी दिसला तर दिसला."

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला आणि एका अर्धविरामावर पेन पुन्हा गडद फिरवलं.

शनिवारी अकराला तो अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेला. बाहेर टेलिफोनवाल्या बाईने अंगठा वर करून दाखवला. तिला सगळं ठाऊक होतं, आणि त्या दिवशी तिने नक्कल केली नाही.

साहेबांनी कागदावर पंजा ठेवला. स्कूटर खाकरली. "वा! काय अक्षर! तुमचंच दिसतंय. हाउएव्हर कुठेय? हां. दृष्टी क्षीण... सुधारणार नाही... सर्वांना धोका." साहेबांनी पान खाली ठेवलं. उलटलं नाही. "स्पष्ट आहे. हे आवडलं मला, बरं का. लोक रडगाणं गातात, तुम्ही सख्ख्या भावाच्या बाबतीत खरं ते लिहिलंत. धोकादायक माणसाला मी आत कुठे ठेवणार? पॅकिंगमध्येही काचच आहे. कमी करा." त्यांनी कोपऱ्यात तसा शेरा मारला.

पान उलटा. दोन शब्द. थोरल्याला एवढंच म्हणायचं होतं. पण बावीस वर्षांत तो साहेबांशी कधी आज्ञार्थात बोलला नव्हता. त्याने ओठ ओले केले आणि त्याच्या तोंडून निघालं, "साहेब, आपला निर्णय सर्वस्वी योग्य आहे, नेव्हरदलेस..."

साहेब खो खो हसले. "अरे, तुम्ही बोलताही तसंच! मला वाटायचं त्या बाई उगाच रंगवून सांगतात!" तेवढ्यात फोन वाजला. साहेबांनी तो उचलला, खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि हाताने जा अशी खूण केली. तो अर्ज उचलून बाहेर आला.

तो टेबलाशी बसला. अर्ज समोर होता. उठून परत आत जाता आलं असतं. केबिनचं दार नऊ पावलांवर होतं आणि साहेबांचा फोन पाच मिनिटांत संपला. टेलिफोनवाली बाई येऊन म्हणाली, "अहो, काय झालं? जा ना पुन्हा. मी येऊ बरोबर? मी सांगते त्यांना."

"तशी पद्धत नाही," तो म्हणाला.

"खड्ड्यात गेली पद्धत!"

"आवक क्रमांक पडलाय. शेरा झालाय. आता फेरविचाराचा अर्ज पंधरा दिवसांनी करता येतो."

"पंधरा दिवसांनी पॅकिंगच्या जागेवर दुसरा माणूस असेल. तुम्हाला माहीत नाही का?"

त्याला माहीत होतं. पंधरा दिवसांनी काय उत्तर जातं, तेही माहीत होतं, कारण ते उत्तर तोच लिहायचा. त्याने टाइपरायटरमध्ये कोरा कागद घातला. आपण लिहिलं तर निदान नीट लिहिलं जाईल, असं त्याने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या कुणी चार ओळींत हाकललं असतं. त्याने पहिला परिच्छेद लांबवला, स्फोटातली ती नोंद घातली, कंपनीची कृतज्ञता घातली, कुटुंबास शुभेच्छा घातल्या. हाउएव्हरपासून पुढचं नवं लिहावंच लागलं नाही. अर्जातलं जसंच्या तसं उतरलं. साहेबांनी न वाचता सही केली आणि वर म्हणाले, "भाऊच आहे, तर हातोहात देऊन टाका. पोस्टाचे दोन दिवस वाचतील."

पाच वाजता तो धाकट्याच्या खोलीवर गेला. धाकटा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पलंगावर बसला होता. टेबलावर तीन कप होते, चहा गाळून तयार होता. त्याची चाळिशीतली बायको त्या दिवशी मुलीसारखी लगबगीने फिरत होती.

"दादा का?"

त्याने पाकीट धाकट्याच्या हातात दिलं. धाकट्याने ते चाचपलं, मग परत त्याच्याकडेच धरलं. "मला काय दिसतंय? तूच वाच. मराठीत सांग."

थोरल्याने पाकीट फोडलं. स्वतःच बंद केलेलं पाकीट त्याने इतकं सांभाळून फोडलं, की फाटलं नाही. तो वाचू लागला. "आपल्या एकोणीस वर्षांच्या निष्ठापूर्ण सेवेबद्दल कंपनी आपली अत्यंत ऋणी आहे..."

"ऐकलंस?" धाकटा बायकोला म्हणाला. "ऋणी आहे म्हणतात."

"...भट्टीच्या दुर्घटनेत आपण दाखवलेलं धैर्य कंपनी कधीही विसरणार नाही..."

"त्या दोघांची नावंही घातलीत?"

"घातलीयत." त्याने पान जरा लांब धरलं. "तथापि..."

"तथापि म्हणजे?"

"म्हणजे... असं असूनही. म्हणजे वर जे आहे ते मान्य करून, त्याच्या विरुद्ध अशी जी बाजू..."

"दादा," धाकटा म्हणाला. "सरळ सांग. घेतायत का पॅकिंगला?"

थोरल्याने कागदाकडे पाहिलं. कागदात तो शब्द कुठेच नव्हता. दोन पानांत एकदाही नव्हता. खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढलं.

"नाही," तो म्हणाला.

धाकटा बराच वेळ मान हलवत राहिला, हिशेब लागल्यासारखी. मग त्याने विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"वरून आलंय."

"वरून म्हणजे तुमच्याच टेबलावरून ना, भाऊजी?" दारातून ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

त्याने कागदाची घडी करायला घेतली. कडा जुळेनात, म्हणून उलगडून पुन्हा केली.

"एवढंच होतं," धाकटा म्हणाला, "तर एवढा कागद कशाला घातलास, दादा? फाटकातून ओरडला असतास तरी ऐकू आलं असतं मला. डोळे गेलेत. कान नाही गेले."

"मी चांगल्या शब्दांत..."

"हो. ते कळलं."

तिने टेबलावरचा तिसरा कप उचलला, त्यातला चहा पातेल्यात परत ओतला आणि कप विसळून उपडा घातला. थोरला उभाच होता. त्याला बस कुणी म्हणालं नाही, जा असंही कुणी म्हणालं नाही. शेवटी धाकट्यानेच उठून दाराशी हाताने चाचपत थोरल्याचे बूट शोधले आणि एकाच्या शेजारी एक, नीट, बाहेर तोंड करून लावून ठेवले.