दारावरची पाटी

आमचं आडनाव गावाच्या नावावरून पडलेलं. बौद्ध वस्तीतल्या एका मास्तरांचंही तेच होतं. त्यांनी सडकेला घर बांधलं आणि दारावर आडनावाची संगमरवरी पाटी लावली.

"आपलं नाव लावायलाय त्यो," चुलतभाऊ म्हणाला.

भर दुपारी आम्ही चौघं गेलो. पाटी मी फोडली. मास्तर तुकडे उचलायला वाकले, तेव्हा मी कुऱ्हाडीचा दांडा त्यांच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. तरी मी आणखी दोनदा मारलं. त्यांची बायको मध्ये पडली, तर चुलतभावानं तिला केसाला धरून फरफटत बाजूला नेलं.

"बापाचं नाव न्हाई व्हय रे तुला?" मी ओरडलो.

"बापाचंच लावलंय," मास्तर म्हणाले.

एवढं गावाला ठाऊक आहे. मी लपवलं ते वेगळंच. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या घराण्याची वंशावळ राखणारे भाट नेहमीप्रमाणे सुगीनंतर आले होते. ओसरीवर बसून त्यांनी पोथी वाचली. आमचा मूळ पुरुष निजामाच्या फौजेबरोबर गोदावरीपलीकडून आला, तलवारीच्या जोरावर जमीन घेतली आणि गावाचं नाव लावलं.

"आधी ते नाव कुणाचं होतं?" मी विचारलं.

"गावची वेस राखणाऱ्यांचं, मालक. त्या मास्तरच्या पूर्वजांचं."

वडील म्हणाले, "महाराज, पान उलटा."

म्हणजे दांडा उचलला तेव्हा मला माहीत होतं. माहीत होतं, म्हणूनच पहिल्या घावावर मी थांबलो नाही. मास्तरांच्या त्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत.