मॅडमचा काळजीवाहू

“हात बघू नको गो, हात खोटं बोलतात. पाय बघ!”

एवढं म्हणून मॅडम दोनदा टाळी वाजवायच्या. गळ्यात शिट्टी असायची, पण ती फुंकलेली मी क्वचितच ऐकली. टाळी वाजली की मैदानातल्या दहा पोरी जागच्या जागी थांबायच्या आणि फाटकाबाहेर माझ्या दुकानात झेरॉक्सला आलेली माणसंही उगाच मागे वळून बघायची.

शहापुरात कॉलेजच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. साडेबारा ते दोन जेवणाची सुट्टी. घर चालत दहा मिनिटांवर आहे, पण गेली कित्येक वर्षं मी डबा घेऊन कॉलेजच्या बास्केटबॉल मैदानाच्या कडेला, करंजाच्या झाडाखाली बसतो. या खेळाचा आमच्या गावातला एकमेव नियमित प्रेक्षक मी. आणि प्रेक्षक एकच असला की त्याला तज्ज्ञ व्हायला वेळ लागत नाही, हे तुम्हीही कुठे ना कुठे पाहिलं असेलच.

आधीचे सर जिंकायचे. ते निवृत्त झाले, त्यांची मुलं पदवी घेऊन पांगली, आणि वर्षभर त्या मैदानावर कँटीनवाल्या मावशींनी वाल सुकवले. मग एका जुलैत या मॅडम आल्या. कसाऱ्याच्या. वय तिशीच्या आसपास, उंची पाच फुटांना थोडी कमीच. पहिल्या दिवशी मला वाटलं, प्रवेशाचा फॉर्म भरायला आलेली कुणी विद्यार्थिनी असेल. मी तिला विचारलंसुद्धा, “फोटो आणलास का?”

“कसला फोटो, काका? मी कोच हाय.”

बास्केटबॉलची कोच आणि एवढीशी! माझी काळजी त्या क्षणी सुरू झाली.

त्यात त्यांची नेमणूक तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्ष संपलं की नोकरी संपली, पुढच्या वर्षी बोलावलं तर यायचं, नाही तर नाही. हे मला शिपायाकडून कळलं आणि मी दुपारचा भात अर्धा तसाच ठेवला. घरी बायकोने डबा उघडून विचारलं, “बरं नाय का?” मी म्हटलं, “मॅडमचं कसं व्हायचं?” “कोण मॅडम?” मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पोराच्या दहावीला तुमी दोन वेळा जेवून वर झोपत होता.”

पावसाळा सरला तशी मॅडमनी मुलांऐवजी मुलींची टीम बांधली. सरावाची वेळ साडेबारा ते दोन, भर उन्हात. मला राहवलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात मी जाऊन सांगितलं, “मॅडम, जगात कुठं दुपारी प्रॅक्टिस घेतात का? पाच वाजता घ्या. सावली पडते.”

“डोळखांबची गाडी सव्वादोनला हाय, काका. त्यानंतरची पकडली तर पोरी अंधारात पाड्यावर पोचतात. घरचे पाठवणारच नायत.”

दहातल्या सहा मुली त्या बाजूच्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. मी आपला सावलीचा तज्ज्ञ.

मग सामने सुरू झाले आणि हरणंही. मी प्रत्येक सामन्याला गेलो. कल्याणला गेलो, भिवंडीला गेलो. मुरबाडच्या सामन्याला तर दुकान बंद ठेवून किन्हवलीच्या रस्त्याने स्कूटरवर गेलो आणि कंबर धरून परत आलो. मुरबाडच्या मुलींनी आमचा पार धुव्वा उडवला. त्यांची एक मुलगी बास्केटखाली उभी राहून नुसता हात वर करायची आणि आमच्या मुली तिच्या कोपरापर्यंत पोचायच्या. आणि आमची सगळ्यांत उंच मुलगी कुठे होती? बाकावर! मॅडम दर थोड्या वेळाने दोघींना बाहेर काढत आणि दोघींना आत घालत. दहाच्या दहा मुली खेळायच्याच, मग गुणफलक काही का म्हणेना.

परतताना त्यांच्या गाडीपाशी जाऊन मी विचारलं, “मॅडम, उंच पोरीला बसवून त्या बारकीला का घातलंत? तिच्या हातात बॉल ऱ्हात नाय.”

ती बारकी म्हणजे डोळखांबच्याही पुढच्या पाड्यावरची, अगदी अबोल मुलगी. तेव्हा ती खिडकीतून आमच्याकडेच बघत होती. मॅडम मला दोन पावलं बाजूला घेऊन गेल्या.

“काका, ती सकाळी पाचला उठून, तासभर चालून एसटीला येते. बसवायला आणली का तिला?”

हे खरं होतं. पण सलग सहा पराभवही खरेच होते. मला रोज दिसायचं की मार्च येतोय, कुणीतरी या बाईंचं नाव यादीतून खोडतंय. शेवटी मी ठरवलं की आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. आपण असं ठरवतो तिथून पुढची सगळी भानगड सुरू होते.

मी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. टाईप केला, दुकानात ठेवला आणि झेरॉक्सला येईल त्याची सही घेऊ लागलो. चाळीसेक सह्या झाल्या. एका आजोबांनी तो रस्त्यावरच्या खड्ड्यांचा अर्ज समजून सही केली आणि वर “त्वरित बुजवावेत” असंही लिहिलं. अर्जाची भाषा माझी स्वतःची होती आणि तिचा मला फार अभिमान होता. “सलग सहा सामने गमावले असले तरी, मुरबाडला कॉलेजची शोभा झाली असली तरी, भर उन्हात सराव घेतल्याने एका मुलीला चक्कर आली असली तरी, सदर प्रशिक्षिका अत्यंत प्रामाणिक असून त्यांना काढून टाकू नये.”

अर्ज मी स्वतः नेऊन दिला.

तुम्ही हसाल, पण मला खरंच वाटत होतं की मी त्यांना वाचवलं. दोन दिवसांनी शिपाई चहा प्यायला आला तेव्हा म्हणाला, “साहेबांना आपल्याकडं पोरींची टीम हाय हेच माहीत नव्हतं. तुमच्या अर्जामुळं कळलं. मॅडमना बोलावलंय.”

त्या दुपारी मॅडम दुकानात आल्या. प्राचार्यांच्या केबिनमधून सरळ. मी एका शेतकऱ्याचा सातबारा मशीनवर उलटा ठेवला होता आणि कोऱ्या प्रती काढत होतो.

“काका, त्या अर्जाची एक प्रत द्या ना.”

“कसला... कुठला अर्ज?”

“तुमी लिवलाय तो. साहेबांनी वाचून दाखवला. प्रत्येक ‘तरी’च्या आधीचं लाल पेनानं अधोरेखित केलंय त्यांनी.” त्या स्टुलावर बसल्या. “मला एकच सांगा. तुमी आमच्या बाजूनं हाव का समोरच्यांच्या?”

मी म्हणालो, “मॅडम, मला तुमच्या नोकरीची काळजी वाटली.”

आता त्या चिडतील असं मला वाटलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“माझी नोकरी जाईल तर जाईल, काका. मी दुसरीकडं बघीन. पण साहेब म्हणाले, हरतच असाल तर टीम कशाला ठेवायची? पुढच्या सामन्याला मी स्वतः येतो आणि ठरवतो. पोरींना घरचे दोनपर्यंत सोडतात ते ‘कॉलेजची टीम हाय’ म्हणून. टीम बंद झाली तर साडेबाराची गाडी पकड आणि सरळ घरी ये. दोघींची तर लग्नाची बोलणी ह्या टीममुळं थांबलीत. बाप सांगतो, पोरगी अजून खेळते. त्यांनी काय सांगायचं मग?”

मी मशीन बंद केलं. शेतकऱ्याने आपला सातबारा काढून घेतला. इतके महिने मी त्या मैदानाकडे बघत होतो आणि मला फक्त जिंकणं, हरणं आणि मॅडमची नोकरी एवढंच दिसलं होतं. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं. तिने डबा घासायला घेतला. मग म्हणाली, “आता पुढचा अर्ज तेवढा नका लिवू.”

पुढचा सामना आमच्याच मैदानावर होता, आणि समोर कोण? मुरबाड. प्राचार्य खरोखरच आले. त्यांच्यासाठी खुर्ची आली, ती नेमकी करंजाखाली माझ्या शेजारी. त्यांनी मला विचारलं, “आपण कोण?” मी म्हणालो, “अर्जदार.” त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे नीट बघून घेतलं.

खरं सांगतो, त्या दिवशी मी देवाकडे एकच मागितलं. मॅडमनी आज तरी त्या बारकीला खेळवू नये. उंच मुलीला ठेवावं, जिंकावं, टीम वाचावी. आणि सामना रंगलाही होता. मुरबाडची ती हात वर करणारी मुलगी त्या दिवशी आमच्या मुलींना चकवू शकत नव्हती. आमच्या मुली तिच्या हातांकडे बघतच नव्हत्या, पाय बघत होत्या. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा दोन्हीकडचे गुण सारखे होते.

मॅडमनी टाळी वाजवली. उंच मुलगी बाहेर आली आणि बारकी आत गेली.

मी डोळे मिटले. डोळे मिटल्यावर जे ऐकू आलं ते सांगतो. चपळ पावलांचा आवाज, मग कुणीतरी सिमेंटवर आपटल्याचा, मग मुलींचा एकच गलका. डोळे उघडले तर बारकी जमिनीवर पालथी पडली होती आणि बॉल तिच्या पोटाखाली होता. मुरबाडच्या दोघी तो ओढत होत्या आणि ही सोडत नव्हती. गुडघा फुटला होता. पंचांनी शिट्टी वाजवली तरी तिने बॉल सोडला नाही. शेवटी मॅडमनीच ओरडून सांगितलं, “सोड गो, आपलाच हाय!”

आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. प्राचार्य रेषेपाशी उभे राहून दोन्ही हात वर करून ओरडत होते. काय ओरडत होते ते कळण्यासारखं नव्हतं. बहुधा त्यांनाही कळत नसावं.

सामना आम्ही दोन गुणांनी हरलो.

प्राचार्य परत आले, रुमालाने मान पुसली आणि मॅडमना बोलावलं. मी उठून उभा राहिलो. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंड उघडलंच होतं. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

“ती पडली होती ती मुलगी कोणत्या वर्गातली?”

“एफवायबीए, सर. डोळखांबच्या पुढनं येते.”

“आपल्या कॉलेजात आहे आणि मला माहीत नाही,” ते म्हणाले. मग रुमाल खिशात घातला. “पुढचा सामना कधी आहे?”

बस. एवढंच. टीम राहिली. त्यात माझा वाटा विचाराल तर मी डोळे मिटून बसलो होतो.

पुढच्या वर्षासाठी मॅडमची नेमणूक पुन्हा झाली. टीम अधूनमधून जिंकू लागली. मला मात्र चैन नव्हतं. पुन्हा मार्च जवळ आला तसा मी त्यांना गाठून सांगायचो, “टेन्शन घेऊ नका, मॅडम. मी आहे.” त्या मान डोलवायच्या. एकदा तर त्या झेरॉक्स काढायला आल्या होत्या, कागदांचा हा गठ्ठा, प्रत्येकाच्या तीन प्रती. मी मशीनचं झाकण उघडझाप करत त्यांना पाऊण तास समजावलं की प्राचार्यांना आता आपण कसं सांभाळून घ्यायचं. त्यांनी शांतपणे ऐकलं, प्रती मोजून घेतल्या आणि गेल्या.

जूनमध्ये त्या पेढे घेऊन आल्या. मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत त्यांची कायमची नेमणूक झाली होती. क्रीडाशिक्षक म्हणून.

“फॉर्म कधी भरलात? मला कळलंसुद्धा नाय!”

“तुमच्याकडंच तर झेरॉक्स केला, काका. तुमी आपल्या हातानं केलात.” त्या हसत होत्या. “तेवा तुमी मला सांगत होता, भविष्याचा विचार करा म्हणून.”

मी पेढा तोंडात टाकला. गोड होता, पण दुसरा उचलला नाही. त्यांनी ते पाहिलं असावं. “पोरींकडं बघा जरा,” एवढं म्हणून, पिशवी उचलून त्या आसनगाव स्टेशनच्या रिक्षेत बसल्या. मला नीट निरोपही देता आला नाही. दुकानात बोर्डाचे फॉर्म घेऊन चौघे उभे होते.

नवे कोच यायला कॉलेजला चार महिने लागले. त्या काळात मुली रोज साडेबाराला मैदानावर यायच्या आणि नुसत्या उभ्या राहायच्या. शिपाई म्हणाला, मोठ्या माणसाची सही असल्याशिवाय बॉल बाहेर काढता येत नाही. मग मी सही करू लागलो. पहिल्या दिवशी बॉल हातात घेऊन मैदानावर गेलो, तर सगळ्या माझ्याभोवती गोळा झाल्या.

“काका, काय करू आता?”

इतक्या वर्षांत या खेळाविषयी माझी काय काय मतं झाली होती. त्या वेळी त्यांतलं एकही आठवेना. “पळा,” मी म्हणालो. त्या हसल्या आणि पळाल्या. एक फेरी मारून परत आल्या आणि पुन्हा तेच, “आता?”

मी बाजूला जाऊन मॅडमना फोन लावला. तिकडे मुलांचा कलकलाट होता, बॉल आपटल्याचे आवाज होते.

“मॅडम, पोरी उभ्या हायत. काय घेऊ सांगा ना.”

“सांगते. आधी बोला, किती जणी आल्यात?”

मी मोजल्या. “नऊ.”

“दहावी कुठंय?”

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. फोन कानाला तसाच धरून मी मुलींकडे वळलो. “तिची सकाळची गाडी चुकली,” म्हणत त्यांनी फाटकाकडे बोट केलं. एसटी स्टँडच्या बाजूने बारकी येत होती, चपला हातात, दप्तर पाठीवर आपटत, जीव खाऊन पळत.

“येतेय, मॅडम,” मी म्हणालो. “थांबा हां. पोचू दे तिला.”

“थांबते,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघेही थांबलो.