दुसऱ्याच भिंतीची चौकट

गेल्या महिन्यात बार्शीहून दगडूच्या मुलाचं कार्ड आलं. 'बाबा गेले. त्रास झाला नाही.' एवढंच. बाप तसा लेक, कामापुरतं बोलणारा. मी मात्र दुकानदाराच्या घरचा, त्यामुळे थोडं लांबण लावणारच.

१९२८ साली सोलापुरात सुतारकामाच्या वर्गात आम्ही शेजारी होतो. कापडाच्या दुकानात मन रमेना म्हणून मी तिथं गेलेला. दगडू पिढीजात सुतार. "माशाच्या पोराला पवायला शिकवाया साळा कशाला?" असं त्याचे वडील म्हणत. तरी त्यांनी एक वर्ष दिलं. दाखला मिळाला तर कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात नोकरी, नाही तर गावी परत, तेही कायमचं.

परीक्षेला खिडकीची चौकट करायची होती. नकाशा इंचांचा. दगडूच्या सांध्यात केस जरी शिरला असता तरी मी मिशी उतरवली असती. पण परीक्षकांनी फूटपट्टी लावली आणि चौकट चारी बाजूंनी मोठी निघाली! घाईघाईत दगडूनं सवयीनं वडिलांनी दिलेला चोवीस तसूंचा गज वापरला होता, आणि तसू इंचापेक्षा जरासा मोठा. "काम देखणं आहे," परीक्षक म्हणाले, "पण ही चौकट दुसऱ्याच भिंतीची आहे." दगडू नापास झाला. वर्ग हसला... मीही हसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

आमचे मास्तर हसले नाहीत. रविवारी ते दगडूला आणि चौकटीला घेऊन त्याच्या गावी निघाले. मला म्हणाले, "हसलास ना? मग उचलायला चल."

वडिलांनी दगडूच्या हातातून गज घेतला आणि चौकट स्वतः मोजली. "तसूभर बी चूक न्हाय की! नापास कसा केला पोराला?" मास्तरांनी गजाशेजारी नुसती फूटपट्टी ठेवली. म्हाताऱ्यानं आधी तसूवर, मग इंचावर अंगठा टेकवून पाहिला.

"कारखान्यात हीच चालती व्हय?"

"हीच."

"मंग आजून एक वरीस ठिवा त्याला. पर माजा गज इसरायचा न्हाय त्यानं."

दुसऱ्या वर्षी दगडू पहिला आला. कुर्डुवाडीला लागला, आणि बऱ्याच वर्षांनी आमच्याच वर्गावर मास्तर होऊन परतला. पहिल्या झटक्यात पास झालेला मी मात्र दुकानाच्या गादीवर बसलो!

परवा राहवेना म्हणून त्या वर्गात गेलो. आता दगडूचाच एक विद्यार्थी तिथं शिकवतो. पट्टीवर इंच जाऊन सेंटिमीटर आलेत. विणकराच्या घरातला एक मुलगा त्याच दिवशी दाखल झाला होता. त्याच्या हाती पट्टी देण्याआधी नव्या मास्तरांनी विचारलं, "तुमच्या घरी कशानं मोजतात?" प्रत्येक नव्या मुलाला दगडू हेच विचारायचा म्हणे.

मुलगा लाजला. "हातानं."

"बरं," मास्तर म्हणाले, "मग हातापासूनच सुरू करू."