साहिलच्या कॉम्प्युटरवरची आजोबांची गाडी

भंतेजींच्याही आधी बबनराव आले. खुर्चीवर टेकायच्या आत म्हणाले, "वहिनी, तुम्ही अजून वरच?"

आज यांना जाऊन वर्ष झालं. साहिलचे आजोबा. तुमच्यातले बरेच जण त्यांना ओळखतात, एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. बबनराव त्यांचे कंडक्टर.

खरी जोडी त्या दोघांची. मी आपली डबा भरून देणारी.

तर मुद्दा वर बसण्याचा.

दांडेकर पुलाजवळ आमचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट होती. म्हणजे दार होतं, आत दिवा लागायचा, फक्त चालायची नाही. सोसायटीत विचारलं की उत्तर एकच, "आजी, कंपनीला कळवलंय."

यांना फुफ्फुसाचा आजार. चार पायऱ्यांत धाप. उतरले तर परत चढणार कसे, म्हणून उतरणंच बंद झालं.

आणि यांना एकटं टाकून मी कुठं जाणार? मंडई बंद, विहार बंद, धाकट्या बहिणीकडे जाणं बंद. तिची सून बाळंत झाली, ते बाळ मी फोनवरच बघितलं.

जन्मभर रस्त्यावर असलेला माणूस खिडकीत बसून खालच्या रिक्षांना शिव्या घालायचा.

"बघ, इंडिकेटर कुठला अन् वळतोय कुठं."

"सोडा हो आता."

"काय सोडू? हातात धरलंय काय?"

मी चपाती उलटायची.

मग साहिलने त्याच्या कॉम्प्युटरवर यांना बस चालवायचा गेम लावून दिला. साहिल म्हणजे माझा नातू, तेव्हा अकरावीत. पहिल्या दिवशी हे शर्टाची बटणं लावून बसले.

पण कॉम्प्युटर जुना. बस चार हात पुढे जायची, अडकायची, मग एकदम झेप घ्यायची. यांना चक्कर यायला लागली, एकदा उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, बंद करा ते.

हे परत खिडकीत.

साहिल म्हणाला, "आजी, अपग्रेड करावं लागेल." त्याने ग्राफिक्स कार्डासाठी पैसे साठवले होते, पण ते त्याच्या स्वतःच्या गेमसाठी. मित्र रोज चिडवायचे, तुझा पीसी म्हणजे पाटा-वरवंटा.

एका रविवारी बबनरावांना यांच्याजवळ बसवलं आणि मी साहिलबरोबर बुधवार पेठेत कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. आजी बरोबर असली की दुकानदार कमी फसवतो, असं त्याचं मत.

मला दुकानाचं काय पडलंय. मला रस्ता हवा होता. रिक्षात दांडा धरून मी इकडून तिकडे बघत होते. मंडईशी तर रिक्षा अडकली तेवढ्यात मी खाली उतरून मेथीची जुडी घेतली. साहिल म्हणे, "आजी, तू किडनॅप होशील."

दुकानदाराने दोन कार्डं पुढे ठेवली. एक मोठं, दोन पंख्यांचं, वापरलेलं. एक छोटं, नवं.

"मोठं घेतलंस तर पॉवर सप्लाय बदलावा लागेल. तुझ्या आत्ताच्याला हे झेपणार नाही."

"मग बजेट जाईल."

"जाईलच. छोट्याला वेगळं काही लागत नाही. ते आणि रॅमची एक पट्टी, बसेल तुझ्या बजेटात. बस मस्त पळेल. तुझा मारामारीचा गेम मात्र लो सेटिंगवर."

साहिल मोठ्या कार्डाकडे बघत राहिला. मला त्यातलं काय कळतंय. पण पोरगं मला कळतं.

"छोटं द्या," म्हणाला. "नाही चाललं तर परत घेता?"

"पाटी वाचता येते ना?" दुकानदार म्हणाला. पाटीवर लिहिलेलं, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

घरी येऊन त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला, कार्ड बसवलं, चालू केलं. काय चित्र हो. बसच्या काचेवर झाडांची सावलीसुद्धा. थांब्यावर माणसं चढली, दार लागलं.

बस हलेना.

साहिलने बंद केलं, परत लावलं. तेच. पोराचा चेहरा उतरला. स्क्रू ड्रायव्हर घेऊन परत डबा उघडायला निघाला. हे ताठ बसलेले, बोटं बटणांवर.

"आजोबा, दाबताय ना?"

"कसा दाबू? बेल झाली का?"

एकटे असले की हे आपले आपण चालवायचे. पण कंडक्टर हजर असताना त्याच्या बेलशिवाय गाडी काढायची नाही, हा यांचा आयुष्यभराचा नियम. आणि कंडक्टर माझ्या स्वयंपाकघरात चहा पीत होते.

बबनराव कप ठेवून आले. चमच्याने पलंगाच्या दांड्यावर दोनदा वाजवलं.

गाडी सुटली. एकदाही अडकली नाही. हे घाटात नेत होते आणि साहिल पाठीमागे उभा राहून यांचा चेहरा बघत होता.

पुढचे काही महिने मला म्हणायचे, "बस, पुढची सीट रिकामी आहे." मी पलंगाच्या कडेला बसायची. परदेशातला रस्ता, दोन्हीकडे बर्फ. मला फार आवडायचं.

बंद केलं की परत तोच चौथा मजला. पण तेवढा वेळ आम्ही दोघं बाहेर असायचो.

दवाखान्यात नेलं तेव्हा चौघांनी खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलं. तोंडाला मास्क, तरी प्रत्येक मजल्यावर म्हणत होते, "हळू, वळण आहे."

परत चढले नाहीत.

लिफ्ट आता चालू झालीय. मी बसत नाही तिच्यात. त्यांना मिळाली नाही, मला कशाला. वर्ष झालं, मला कुणी अडवलेलं नाही, तरी मी वरच.

आज वंदना झाली, खीर झाली, मंडळी गेली. बबनराव आणि त्यांची बायको थांबले.

"असं कोंडून घेतलेलं त्याला आवडलं असतं का, वहिनी?"

"गुडघे दुखतात."

"लिफ्ट आहे."

"तिचं नाव काढू नका."

"बरं. मग जिन्याने. मी पुढे, ही मागे. बहिणीचा नातू पळायला लागला म्हणे, बघून येऊ."

साहिलच्या आजोबा, आमच्या सगळ्यांचा तुम्हाला मानाचा जयभीम. पोरगं बरं आहे. माझी काळजी करू नका.

दोघं रविवारी सकाळी परत येतो म्हणालेत. मी हो म्हटलंय.