इंग्रिडताईंच्या ऑफिसातला इतिहास

आमची कंपनी स्वीडनची. हॉस्पिटलांसाठी श्वास देणारी मशीन्स बनवते. मध्यंतरी तिकडून मेल आली: कंपनीचा इतिहास लिहितोय, सिंगापूर ऑफिसने एक पान पाठवा. एक पान! अहो, आमच्या इथल्या क्वीन्सटाउनच्या ऑफिसात चहा गाळेपर्यंत एका पानाचे किस्से जमतात. सगळे छापण्यासारखे नाहीत, हा भाग वेगळा. पण लिहायला बसलो आणि जाणवलं, या लोकांनी मला किती सांभाळून घेतलंय!

*

पुण्याहून सिंगापूरला आलो तेव्हा सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं. नापास झालो की नोकरी गेली, नोकरीबरोबर इथे राहायचा पासही गेला, आणि बायको-मुलीसकट परत! त्यामुळे मी भलताच नम्र. बॉसचं नाव इंग्रिड, वय साठीच्या घरात. स्वीडनमध्ये सगळे सरळ नावाने हाक मारतात. माझी जीभ काही रेटेना. मेलमध्ये मी 'इंग्रिड ताई' लिहू लागलो.

आठवड्याभरात स्वीडनहून एक नवाकोरा लॅपटॉप आला. सोबत चिठ्ठी, "तुमच्या नव्या सहकारी मिस ताई यांच्यासाठी!"

आमचे स्टोअर सांभाळणारे टॅन अंकल खास सिंगापुरी 'लाह' लावून म्हणाले, "ताई आडनावाचे चिनी पुष्कळ आहेत लाह! मला वाटलं, तूच कुणाला तरी नोकरीला चिकटवतोयस!"

ताई पोटभर हसल्या आणि तो लॅपटॉप त्यांनी मलाच दिला. माझा जुना फार रडवायचा.

*

एकदा दिवसभर खपून मी एक बंद पडलेलं मशीन सुरू केलं. ताईंनी सगळीकडून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "नॉट बॅड."

घरी जाऊन बायकोला म्हटलं, "संपलं. बॅगा काढ."

दुसऱ्या दिवशी टॅन अंकलना सांगितलं, तर ते उडालेच. "नॉट बॅड? मला इतक्या वर्षांत फक्त 'ओके' मिळालंय!"

*

प्रोबेशनचे नऊ दिवस उरले होते. आईचा फोन आला. "जेवलास का? औषध घेतलंस का?" मी आपला, "हो, हो, हो!"

तेवढ्यात दारातून टॅन अंकलनी विचारलं होतं, तुझ्या टेबलावरचं मशीन ठीक आहे ना? मला ऐकूच आलं नाही. आणि त्यांच्या होक्कियेन या चिनी बोलीत 'हो' म्हणजे छान! तीनदा छान ऐकून त्यांनी मशीन हॉस्पिटलला रवाना केलं. शेवटची टेस्ट राहिलेलं मशीन!

कळल्याबरोबर मी हॉस्पिटलला फोन करून मशीन वापरू नका म्हणून सांगितलं आणि तसाच ताईंसमोर जाऊन उभा राहिलो. सगळं सांगून टाकलं. चूक माझी, अंकलची नाही, हेही सांगितलं.

 ताईंनी उठून मला भिंतीवरच्या फोटोपाशी नेलं. फोटोत कंपनीचे संस्थापक, मूळचे घड्याळं दुरुस्त करणारे, आपल्या पहिल्या मशीनशेजारी उभे.

"हे मशीन घेऊन ते हॉस्पिटलात पोचले," ताई म्हणाल्या, "आणि नळी घरीच विसरले होते."

"मग?"

"बर्फातून स्कीवर परत गेले. नळी घेऊन आले."

 ताईंनी टेस्टच्या सामानाची बॅग माझ्या हातात दिली.

"तुला तर एमआरटीची ट्रेन आहे!"