सोल्युशनचे तीन हात

माझ्या थोरल्या साडूंइतका सायकलवर कमी बसलेला आणि सायकलपायी जास्त झिजलेला माणूस साऱ्या पनवेलात दुसरा झाला नाही, आणि होईल असे मला वाटत नाही. तुम्ही म्हणाल, सायकलवेडा प्रत्येक गावात एक तरी असतोच. असेल. पण तो सायकल चालवतो. आमचे साडू सायकल पाळत. मामलेदार कचेरीतली कारकुनी ते उरलेल्या वेळात करत.

सायकल साधीसुधी नव्हे, शर्यतीची. मुंबईचा कोणी पारशी गृहस्थ कायमचा विलायतेला जाताना विकून गेला, ती ह्यांनी घेतली आणि तिच्याबरोबर तिचे टायरही ह्यांच्या नशिबी आले. तुमच्या-आमच्या सायकलीत ट्यूब वेगळी, टायर वेगळा. दोघांचे बिनसले तर वेगळे काढता येतात. ह्या टायरात ट्यूब पोटात घालून वरून चक्क शिवून टाकलेली, आणि तो अख्खा साप रिमवर सोल्युशनने चिकटवायचा. वजन म्हणाल तर जानव्याचे. स्वभाव म्हणाल तर बाभळीचा काटा नुसता नजरेस पडला तरी धीर सोडणारा. आणि आमच्याकडच्या रस्त्यांवर त्या काळी डांबर कमी, काटे आणि बैलांच्या नालांचे खिळेच जास्त!

टायर निवडायला ते मुंबईला जात तेव्हा मला बरोबर नेत, मुलगी बघायला जाताना एखादा जबाबदार माणूस न्यावा तसे. दुकानातले सगळे टायर खाली उतरवले जात. साडू एकेक अंगठ्याने दाबून बघत, नाकाला लावत, कानाशी धरत, मग दाराच्या उजेडात नेऊन त्याच्या आतल्या कापडाचे सूत निरखत. एकदा दुकानदार म्हातारा कंटाळून म्हणाला, "साब, टायर लेना है या साडी?"

"दोन्हींत सूतच बघायचं असतं," साडू मराठीत म्हणाले आणि सगळ्यात खालचा टायर मागितला.

बरे, आणला की लावला, असेही नाही. नवा टायर मुरला पाहिजे. आंब्याची अढी घालावी तसे ते माजघरातल्या खुंट्यांवर टायर टांगून ठेवत आणि अधूनमधून वास घेऊन 'अजून कच्चा आहे' असा निकाल देत. अक्का, म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण, मला म्हणायची, "आमच्याकडे लोणच्याला बुरशी आली तर चालते हो, टायरवर धूळ बसता कामा नये."

पंक्चर काढणे हा तर रविवारचा सोहळा. ओटीवर मांडी ठोकून बसायचे, टायरची आतली पट्टी सोडवायची, ब्लेडने टाके उसवायचे, ट्यूबचे भोक शोधून ठिगळ लावायचे आणि मेण लावलेल्या दोऱ्याने पुन्हा शिवायचे. एकदा शिवण इतकी सुबक जमली की त्यांनी आळीतली माणसे बोलावून ती दाखवली. मग पंप मारला. टायर जागोजागी सुस्कारे टाकू लागला. सुईने टायरबरोबर ट्यूबही शिवली गेली होती.

"काय सुंदर गोधडी झालीय!" अक्का म्हणाली.

घरात ह्या प्रकाराला न हसणारी एकटी त्यांची मुलगी. तिचे लग्न उरणच्या मुलाशी झाले, जावयाला आफ्रिकेत नोकरी लागली आणि दोघांचे जायचे ठरले. पुन्हा कधी येणे होईल, कोणालाच सांगता येईना. उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावरून सकाळची लाँच, पुढे मुंबईहून बोट. सासरी परतताना पोर म्हणाली, "अण्णा, मला पोचवायला सायकलवरून या हं."

झाले! अक्का आदल्या दिवशी एसटीने व्याह्यांकडे गेली आणि जाताना मला बजावून गेली, "तुम्ही ह्यांच्याबरोबर जा. वाटेत टायर बघत बसले तर ओढून आणा." म्हणून मी भाड्याची सायकल घेतली. तिला साडू 'लोखंडी म्हैस' म्हणाले. निघालो तेव्हा नुकते उजाडले होते. साडू असे काही सुटले की मला फक्त त्यांची टोपी दिसत होती.

जासईच्या अलीकडे ते रस्त्याच्या कडेला उभे दिसले. मागचा टायर बसला होता.

"घाबरू नका साडूभाऊ," ते म्हणाले, "हीच तर ह्या टायरची खुबी. हा सोलायचा, बरोबर आणलेला दुसरा चढवायचा. विडी ओढून होईस्तोवर निघू."

टायर सुटेना. आधी त्यांनी ओढला, मग मी ओढला, मग मी रिम धरली आणि ते रस्त्यात पाय रोवून मागे रेलले. एरवी सोल्युशनचा एक हात देतात. पोरीला पोचवायला जायचे, वाटेत दगा नको, म्हणून ह्या गृहस्थाने तीन हात दिले होते.

मिठागरावर निघालेली एक बैलगाडी थांबली. गाडीवान बराच वेळ बघून म्हणाला, "काय वो, चाकाला सोलताव काय?"

"टायर निघत नाही," मी म्हणालो.

"नाय निघाचा. लगीन लावलाव का काय दोघांचा?"

एरवी साडूंनी त्याला सुताची जात समजावून दिली असती. त्या दिवशी त्यांनी एकदा उन्हाकडे पाहिले, टायर सोडला आणि माझ्या लोखंडी म्हशीवर टांग टाकली. "ही सांभाळा," एवढेच म्हणाले. आयुष्यात त्यांनी मला त्या सायकलीला हात लावू दिला नव्हता. आता ती माझ्या गळ्यात टाकून ते घंटी बडवत, धोतर सावरत, मागे न बघता गेले.

गाडीवानाने मिठागरापर्यंत आणून सोडले. पुढे त्या नाजूक बाईला खांद्यावर घेऊन मी मोऱ्याला पोचलो तेव्हा लाँच जाऊन बराच वेळ झाला होता. अक्का व्याह्यांबरोबर त्यांच्या घरी परतली होती. साडू एकटेच धक्क्याच्या टोकाला बसले होते.

"भेटली?" मी विचारले.

"दोर सोडत होते. फळीवरून वाकून हात धरला तिचा. म्हणाली, अण्णा, सायकल कुठाय? म्हटलं, येतेय मागून." त्यांनी आपले तळवे पाहिले. काळे, चिकट, सोल्युशनने माखलेले. "तिच्या हाताला लागलं हो सगळं. रुमाल दिला तर म्हणाली, राहू दे."

मी सायकल त्यांच्याजवळ टेकवून ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलेदेखील नाही. लाँच केव्हाच दिसेनाशी झाली होती, तरी ते समुद्राकडेच बघत होते. मग त्यांनी मला विचारले,

"साडूभाऊ, आफ्रिकेत रस्ते कसे असतात हो?"

लोणावळ्यापलीकडचे जग मी पाहिले नव्हते.

"चांगले असतात," मी म्हणालो. "अगदी गुळगुळीत. काटा म्हणून नाही."