स्क्रू एकाच दिशेनं

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाई पहिला महिनाभर मुलांना वहीच काढू देत नसत. आधी हात बसू दे, आकडे कुठं पळून जात नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे इतर तुकड्यांचे दहा प्रयोग होईपर्यंत यांचे जेमतेम सहा व्हायचे. विभागप्रमुखांनी शेवटी बजावलंच, "बाई, यंदा तुमची पोरं परीक्षेत आपटली, तर पुढच्या वर्षी मुकाट्यानं सगळ्यांसारखं शिकवायचं."

"नाही आपटणार," बाई ठासून म्हणाल्या.

घरी लेकीनं छेडलं, "मग एकच ताट तिसऱ्यांदा का घासतेयस, आई?"

"चिकट आहे ते."

परीक्षेत भिंगरीच्या वाट्याला वर्तुळांचा प्रयोग आला. वर्गात तिला भिंगरीच म्हणत, हात म्हणून स्वस्थ नसायचा. काचेवर ठेवलेल्या भिंगाखाली बारीक वर्तुळं दिसतात. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवत एकेक गाठायचं आणि त्याची जागा टिपायची. स्क्रू मात्र एकाच दिशेनं. त्याच्या आट्यांत थोडी मोकळीक असते. उलटा फिरवला की आकडा सरकतो, सूक्ष्मदर्शक जागचा हलत नाही.

निम्मं काम झालं आणि भिंगरीचा हात सटकला. वर्तुळ ओलांडलं गेलं. केसभर मागे आणलं तर कुणाला कळणार होतं? तिनं सूक्ष्मदर्शकावरून डोळा बाजूला घेतला, लिहिलेलं खोडलं आणि स्क्रू पार मागे नेला. बाई लांबून घड्याळाकडे बघत होत्या. वेळ संपत आलेली, आणि परीक्षेत त्यांना तोंड उघडायची मुभा नव्हती.

बाहेरून आलेले परीक्षक टेबलापाशी थांबले. "एवढीच वर्तुळं? आणि ही खाडाखोड?"

"पुढे गेले, सर. कितवं तेही विसरले. तिथूनच मागे आणलं असतं तर आकडा खोटा आला असता."

"खोटा कसा? दाखव."

भिंगरीनं स्क्रू किंचित उलटा फिरवला, आकडा सरकला. परीक्षकांनी आत डोकावलं, वर्तुळ ढिम्म.

"एकूण प्रयोग किती केलेत?"

"सहाच. पण कुठलाही सांगा, करून दाखवते."

परीक्षक हसले आणि शेजारच्या टेबलाकडे वळले. तिथला मुलगा दुसऱ्या तुकडीचा. बिनधास्त पुढे-मागे स्क्रू फिरवत होता. "अरे, हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "आम्हाला असंच शिकवलंय," मुलगा दाराशी उभ्या विभागप्रमुखांकडे बघत म्हणाला.

संध्याकाळी विभागप्रमुख घसा खाकरत आले. "पुढच्या वर्षी सगळ्याच तुकड्यांची सुरुवात तुम्ही करून द्याल का?"

"देईन की. पण महिनाभर मला कुणी घाई करायची नाही. तुम्हीसुद्धा."